ढग येऊन गेला की सोलरवरचं चार्जिंग परत सुरूच होत नाही? आधी हे करून बघा

ट्रेकला सोलर पॅनेल नेणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. सकाळी ऊन मस्त पडलेलं असतं, पॅनेल सॅकवर लावलं, फोनवर चार्जिंगची खूण दिसली म्हणून माणूस निवांत चालायला लागतो आणि दुपारी टाक्यापाशी जेवायला थांबल्यावर बघतो तर सकाळी ४१ टक्के होता तो फोन आता ३८! पॅनेल लावून उलट कमीच झाला. मग पॅनेल भंगार, कंपनी चोर, सोलर म्हणजे सगळ्या थापा असं जाहीर करून ते पॅनेल माळ्यावर जाऊन पडतं. पण बहुतेक वेळा पॅनेल ठणठणीत असतं आणि गडबड असते ती पॅनेल आणि फोनच्या मधे.

होतं काय, फोनला चार्जर लावला की फोन आधी चाचपून बघतो की समोरून किती करंट मिळू शकतो. भिंतीतल्या चार्जरचं बरं असतं, तो दिवसभर तेवढाच देतो. पॅनेलचं तसं नाही, ढगाचा तुकडा आला, वाटेने वळण घेतलं, तुम्ही कारवीच्या झाडीत शिरलात की त्याची ताकद एकदम पडते. फोन मात्र आधीएवढाच करंट ओढायला बघतो, त्यामुळे ५ व्होल्टचं व्होल्टेज घसरत जातं आणि साधारण साडेचारच्या आसपास आलं की फोन ठरवतो की हा चार्जर कमजोर आहे, आणि ओढणं एकदम कमी करतो किंवा बंदच करतो. इथपर्यंत ठीक आहे, तसंच व्हायला पाहिजे. खरी मेख पुढे आहे. ढग गेला, ऊन परत कडक झालं, तरी बरेच फोन परत वर जातच नाहीत, ते त्या कमी करंटवरच अडकून बसतात. स्क्रीनवर चार्जिंगची खूण असते पण आत जातंय त्यापेक्षा जीपीएस आणि स्क्रीन जास्त खातायत, म्हणून टक्के खाली येतात.

तात्पुरता इलाज एकदम सोपा, केबल काढा, पाच-दहा सेकंद थांबा, परत लावा. फोन पुन्हा पहिल्यापासून चाचपतो आणि आत्ताच्या उन्हाप्रमाणे करंट घेतो. काही पॅनेलमधे हेच काम आपोआप करणारी सोय असते, ऊन परत आलं की पॅनेल स्वतःच सप्लाय क्षणभर तोडून परत जोडतं, नवीन घेणार असाल तर वॅट बघायच्या आधी ही सोय आहे का ते विचारा. पण दर ढगाला सॅक उतरवून केबल काढत बसणं कोणालाच जमणार नाही, आणि पावसाळा संपल्यानंतरच्या दिवसांत सह्याद्रीत ढगांचे तुकडे दिवसभर ये-जा करत असतात.

म्हणून कायमचा इलाज म्हणजे पॅनेल फोनला लावायचंच नाही. पॅनेल पॉवरबँकला लावायचं आणि रात्री मुक्कामाला पॉवरबँकवरून फोन. पॉवरबँक म्हणजे रांजण समजा, वरून धार बारीक झाली, मोठी झाली, मधेच थांबली तरी जेवढं पडेल तेवढं साठत जातं आणि रात्री तुम्हाला हवं तेव्हा हव्या त्या धारेने काढता येतं. शिवाय फोन दिवसभर उन्हात ठेवायची गरज राहत नाही, त्याचं पुढे सांगतो. एकच सावधगिरी, काही पॉवरबँकसुद्धा फोनसारख्याच अडून बसतात. हे घरीच तपासता येतं. गच्चीवर पॅनेल उन्हात ठेवा, पॉवरबँक लावा, पॅनेलवर अर्धा मिनिट चादर टाका, काढा, आणि बघा की चार्जिंग आपोआप परत पहिल्याएवढं होतं का. होत नसेल तर घरातली दुसरी पॉवरबँक लावून बघा, साध्यासुध्या पॉवरबँक इथे कधीकधी जास्त समजूतदार निघतात.

आता ‘पहिल्याएवढं होतं का’ हे कळणार कसं? त्यासाठी यूएसबी मीटर घ्या. केबल आणि पोर्टच्या मधे लावायचा छोटासा तुकडा असतो, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो (दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट), पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. माझं तर म्हणणं आहे की पॅनेलबरोबर मीटर न घेणाऱ्याने पॅनेलबद्दल तक्रारच करू नये. फोनवरच्या टक्क्यांवरून किंवा पॅनेलवरच्या लाल-हिरव्या दिव्यावरून काही कळत नाही, तो दिवा अगदी मरतुकड्या उजेडातही लागतो.

मीटर पॅनेलच्या पोर्टला लावा आणि असं वाचा. व्होल्टेज ५ च्या आसपास आणि करंट दीड-दोन अँपिअर, म्हणजे सगळं उत्तम, हात लावू नका. व्होल्टेज ५ ला पक्कं पण करंट मात्र ०.१ किंवा ०.२, म्हणजे पॅनेल द्यायला तयार आहे पण पलीकडचा घेत नाहीये, तर फोन अडकलाय, किंवा तापलाय, किंवा भरत आलाय, किंवा केबल गंडलीये. व्होल्टेज ४.५-४.६ वर लटपटतंय आणि करंट सारखा वर-खाली होतोय, म्हणजे पॅनेललाच झेपत नाहीये, तर सावली, कोन, धूळ, ढग बघा, किंवा एकाच वेळी दोन वस्तू लावल्या असतील तर त्यातली एक काढा. दोन पोर्ट दिलेत म्हणून दोन्ही वापरायचे असं काही नसतं, ताकद तेवढीच, ती वाटली जाते आणि दोघांचंही धड होत नाही. आणि भर उन्हातही मीटर सुरूच होत नसेल तर बहुतेक पॅनेलच्या आतलं कनेक्शन तुटलंय. या चार प्रकारांत आपला प्रकार कुठला ते कळलं की पुढचं शोधणं सोपं.

सावलीबद्दल जरा विस्ताराने लिहितो कारण सगळ्यात जास्त लोक इथे गंडतात. लोकांना वाटतं पॅनेलच्या दहाव्या हिश्श्यावर सावली पडली तर दहा टक्के कमी मिळेल. तसं अजिबात नसतं. पॅनेल ज्या छोट्या तुकड्यांचं बनलेलं असतं त्या एका सेलचं व्होल्टेज जेमतेम अर्धा व्होल्ट असतं, म्हणून ते एकामागून एक असे ओळीने जोडलेले असतात, आणि ओळीतला सगळ्यात कमजोर सेल जेवढा करंट जाऊ देईल तेवढाच सगळ्या ओळीतून जातो. त्यामुळे सॅकचा लोंबता पट्टा, वाळत घातलेला मोजा, फांदीची एक सावली एखाद्या सेलवर नीट बसली की त्या ओळीचं उत्पादन जवळपास गेलंच. मोठ्या पॅनेलमधे यासाठी बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या सेलना वळसा घालून करंट नेणारे भाग असतात, हातात मावणाऱ्या पॅनेलमधे बरेचदा नसतात. भीमाशंकरच्या जंगलात झाडांखालून जी चट्टेरी-पट्टेरी उन्हं पडतात ना, डोळ्याला खूप उजेड वाटतो पण पॅनेलच्या दृष्टीने ती सावलीच. असल्या वाटेवर पॅनेल घडी करून आत टाका, उगाच फांद्यांचे ओरखडे तरी पडणार नाहीत.

याचाच उलटा उपयोग करून खराब घडी शोधता येते. घडीच्या पॅनेलमधे बरेचदा प्रत्येक घडी स्वतंत्र असते आणि सगळ्या समांतर जोडलेल्या असतात. भर उन्हात मीटर लावून एकेक घडी पूर्ण झाका. चांगली घडी झाकली की करंट पडणार, झाकल्यावर काहीच फरक पडला नाही तर ती घडी आधीच मेलेली आहे. फक्त हे करताना पॉवरबँक बऱ्यापैकी रिकामी असू द्या, नाहीतर तीच कमी ओढत असते आणि काही कळत नाही. घडी मेली म्हणजे बहुतेक वेळा सेल गेलेला नसतो, घडीच्या शिवणीत सारखी वाकून वाकून वायर तुटलेली असते. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे एक डाग मारून होतं ते काम, फक्त त्याला कापड उसवायला लावा, सेलवर सोल्डरिंग गन टेकवू देऊ नका.

मग दिशा. चालताना पॅनेल सॅकच्या मागे लावलं की ते तुमच्या मागच्या दिशेला बघतं, आकाशाकडे नाही. राजगडाहून तोरण्याला सकाळी निघालात तर तोंड पश्चिमेकडे आणि पाठीवर ऊन, त्यामुळे पहिले काही तास झकास चालतं. हाच ट्रेक उलटा केला तर सकाळभर पाठ सावलीत. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच झुकलेला असतो, म्हणून दक्षिणेकडे तोंड करून चालणाऱ्या माणसाच्या पाठीवरच्या पॅनेलला जवळपास काहीच मिळत नाही, आणि सह्याद्रीची रांगच उत्तर-दक्षिण असल्यामुळे लांबच्या रेंज ट्रेकला हा फरक चांगलाच जाणवतो. शक्य असेल तर पॅनेल पाठीमागे उभं लटकवण्यापेक्षा सॅकच्या टोपणावर आडवं बांधा, दिशा कुठलीही असली तरी काहीतरी मिळत राहतं. तरी चालताना २१ वॅटच्या पॅनेलमधून सरासरी ३-४ वॅट मिळाले तरी मी खूश असतो.

खरी कमाई थांबल्यावर होते. डिसेंबरमधे पुण्याच्या आसपास भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे कातळावर सपाट पसरून ठेवलेल्या पॅनेलला दुपारीच पाव हिस्सा कमी मिळतो आणि सकाळी ९ वाजता तर निम्म्याहून कमी. सॅकला टेकवून दक्षिणेकडे उभं करा. कोन बरोबर आहे का बघायला काही ॲप लागत नाही, पॅनेलवर पेन किंवा काडी उभी धरा आणि तिची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनेल हलवा. सावली गेली की पॅनेल थेट सूर्याकडे बघतंय. अर्ध्या-पाऊण तासाने परत एकदा. आणि भर दुपार म्हणजे बारा वाजता नाही बरं का, आपल्याकडे सूर्य सगळ्यात वर साधारण साडेबाराला येतो, त्यामुळे जेवणाचा मोठा थांबा अकरा ते दोनच्या मधे उघड्या माचीवर पडला तर सोन्याहून पिवळं. मे महिन्यात उलट, शून्य सावलीचे दिवस असतात, तेव्हा दुपारी सपाट ठेवलं तरी चालतं, पण मे महिन्यात दुपारी उघड्या माचीवर बसायचं का हा ज्याचा त्याचा प्रश्न.

जाता जाता, कोकणकड्यासारख्या ठिकाणी पॅनेल नुसतं टेकवून फोटो काढायला जाऊ नका, वारा कुठून कसा येईल सांगता येत नाही, आणि वारा नसला तर माकडं आहेत. कॅराबिनरने सॅकला अडकवून ठेवा.

आता केबल. हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारा. ५ व्होल्टवर चार्जिंग करताना केबलमधे थोडंसं व्होल्टेज गेलं तरी फोनला लगेच झोंबतं. स्वस्त केबलमधे पॉवरच्या तारा २८ गेजच्या, म्हणजे अगदी बारीक असतात (गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक), अशा एक मीटर केबलमधून २ अँपिअर न्यायला गेलं तर जाण्या-येण्यात मिळून पाऊण व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच संपतं. पॅनेलपाशी ५ आणि फोनपाशी ४.२, मग फोन रुसणारच. २४ गेजची जाड केबल असेल तर तेच नुकसान साधारण ०.३५ व्होल्टवर येतं, आणि लांबी फूटभरच असेल तर प्रश्नच मिटला. तेव्हा ट्रेकसाठी एक आखूड, जाड केबल वेगळी ठेवा आणि ती घरात कोणालाही देऊ नका. दोन मीटरची लांब केबल, पॅनेल तंबूबाहेर आणि फोन आत, ही कल्पना ऐकायला छान पण त्यातच सगळं वाया जातं. त्यापेक्षा पॉवरबँक पॅनेलच्या पाठीमागे, पॅनेलच्याच सावलीत ठेवा.

सावलीवरून आठवलं, उष्णता. लिथियम बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांच्या मधे चार्ज करायची असते. काळा फोन पॅनेलच्या पाठीमागच्या खिशात बंद करून उन्हात ठेवला तर तो ४५ कधी ओलांडतो कळत नाही, मग फोन स्वतःला वाचवायला चार्जिंग थांबवतो आणि मीटरवर तुम्हाला ५ व्होल्ट, ०.१ अँपिअर दिसतं. पॅनेलला शिव्या घालायच्या आधी फोनला हात लावून बघा. पाठीमागचा तो खिसा कंपन्या देतात कशाला देव जाणे, केबल ठेवायला ठीक आहे, बाकी भट्टीच ती. पॅनेल स्वतःही तापतं. डब्यावर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान २५ अंश आणि ऊन प्रति चौरस मीटर १००० वॅट असं धरून मोजलेले असतात, आणि उन्हात सेल सहज ६० अंशांवर जातो, सिलिकॉनच्या सेलचं उत्पादन दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटतं, म्हणजे नुसत्या तापण्यानेच १० ते १४ टक्के गेले. तापलेल्या कातळावर चिकटवून ठेवण्यापेक्षा मागून हवा खेळेल असं ठेवा.

आणि डब्यावरच्या वॅटवर किती विश्वास ठेवायचा याचा एक साधा हिशोब. ए-फोर कागदाएवढ्या जागेवर पूर्ण कडक ऊन पडलं तर तिथे एकूण ६२ वॅटच्या आसपास ऊर्जा येते. चांगला सेल त्यातले २०-२२ टक्के पकडतो, म्हणजे १२ ते १४ वॅट. तेव्हा ए-फोरएवढ्या पॅनेलवर कोणी ६० वॅट छापलं असेल तर तुमच्याकडे मीटर नाही असं त्याने गृहीत धरलंय. कडा, शिवण, मधल्या फटी सोडून नुसत्या सेलची जागा मोजा. खऱ्या २१ वॅटच्या पॅनेलमधून दुपारी नीट कोनात १० ते १२ वॅट यूएसबीला मिळाले की ते अस्सल आहे म्हणायचं.

यावरूनच ज्या पॉवरबँकच्या पाठीवर सोलर चिकटवलेलं असतं तिचा निकाल लावून टाका. हाताच्या पंजाएवढी जागा, फार फार तर सव्वा-दीड वॅट. १०००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास (एक वॅट तासभर मिळाला की एक वॅट-तास). सरळ भागाकार केला तरी ती भरायला २५-३० तास कडक ऊन लागेल, म्हणजे सहा-सात दिवस, तेही रोज सूर्याकडे फिरवत बसलात तर, आणि तोपर्यंत आतली बॅटरी उन्हात शिजतेय ते वेगळंच. बॅटरीसाठी घ्या, टॉर्चसाठी घ्या, सोलरसाठी घेऊ नका.

अजून एक वेगळीच तक्रार येते, घड्याळ किंवा इअरबड्स पॉवरबँकला लावले की दोन मिनिटांत चार्जिंग बंद पडतं. त्यात सोलरचा काही संबंध नाही. या वस्तू इतका कमी करंट ओढतात की पॉवरबँकला वाटतं काही लावलेलंच नाही आणि ती झोपते. काही पॉवरबँकला बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड सुरू होतो, नसेल तर घड्याळाबरोबर दुसऱ्या पोर्टवर फोनही लावा. दुसरं, पॉवरबँक भरताना त्याच वेळी तिच्यावरून फोन चार्ज करणं सगळ्यांना जमत नाही, आणि जमलं तरी दोन्हीकडे नासाडी, म्हणून दिवसा भरणं आणि रात्री काढणं वेगळं ठेवा. आणि पॅनेलला फक्त जुना चौकोनी पोर्ट असेल तर दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल नेऊन उपयोग नाही, हे निघायच्या आधी बघा.

आता थोडं कडू. दोन दिवसांच्या ट्रेकला पॅनेल मुळात लागतच नाही. फोनची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे जेमतेम १९ वॅट-तास, १०००० ची पॉवरबँक सगळी घट धरूनसुद्धा तो फोन दीडदा भरते. पॅनेलचं वजन अर्धा किलोच्या आसपास, तेवढ्यात दुसरी पॉवरबँक आणि वर चिक्की येते. पायथ्याच्या गावात, बारी म्हणा, पाचनई म्हणा, जिथे जेवता त्या मामांकडे विचारून तासभर प्लगला लावता येतं, वीज असली तर. पॅनेलचा हिशोब सुरू होतो तो चार-पाच दिवसांच्या पुढे, रेंज ट्रेक किंवा हिमालय. आणि फोन विमान मोडवर टाका, घाटवाटेत रेंज नसताना फोन टॉवर शोधत बसतो त्यात जेवढी बॅटरी जाते तेवढी पॅनेलने भरून काढणं अवघड, नकाशे आधीच डाऊनलोड केले असतील तर विमान मोडवरही जीपीएस चालतं.

हिमालयात गणित थोडं बदलतं. थंडीमुळे पॅनेल उलट जोरात चालतं आणि उंचीवर हवा विरळ म्हणून ऊनही कडक, पण दरीतल्या कँपसाइटवर डोंगराच्या कडेवरून ऊन उतरायलाच उशीर होतो आणि मे-जूनमधे दुपारनंतर ढग जमतात, म्हणजे हातात राहते ती सकाळ. त्या सकाळी फोन आणि पॉवरबँक बर्फासारख्या गार असतील तर चार्जिंग सुरूच होणार नाही, शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करायचीही नसते. रात्री त्या स्लीपिंग बॅगमधे बरोबर घेऊन झोपा. विमानाने जाणार असाल तर पॉवरबँक हँडबॅगेतच, चेक-इन सामानात नाही, आणि १०० वॅट-तासांच्या आतली, २०००० एमएएच म्हणजे ७४, त्यामुळे ती बसते.

जून ते सप्टेंबर सह्याद्रीत पॅनेल नेऊच नका, धुक्यात ते नुसतं ओझं. ओल्या फडक्याने धूळ पुसा, घासू नका, पोर्टमधली माती फुंकून काढा, पूर्ण वाळल्यावरच घडी घाला नाहीतर शिवणीत बुरशी धरते. पॉवरबँक अर्धी भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.